पहिला सर्फबोर्ड: ६ फुटी शॉर्टबोर्ड की ८ फुटी फोमचा?

नवखा_७२: मंडळी मदत हवीये. क्लासच्या फोमवाल्या भल्यामोठ्या बोर्डवर शिकलो, पांढऱ्या फेसात उभा राहतो आता, खऱ्या हिरव्या (अजून न फुटलेल्या) लाटेवर अजून जमत नाही. वजन ७२ किलो. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. एक मित्र त्याचा ६ फूट २ इंची शॉर्टबोर्ड स्वस्तात द्यायला तयार आहे, दिसतो एकदम कडक आणि काखेत मारून कुठेही नेता येतो. पण बाकी सगळे म्हणतात ८ फुटी फोमचाच घे. तो घेतला तर थोड्या दिवसांत कंटाळा येऊन पैसे वाया नाही ना जाणार?

लाटवेडा: मित्राला थँक्यू म्हण आणि बोर्ड त्याच्याकडेच राहू दे.

लांबी सोड, आधी लिटर किती ते विचार. लिटर म्हणजे बोर्डचं घनफळ, जितके जास्त तितका तो तुला वर धरणार. ६ फूट २ चा शॉर्टबोर्ड साधारण ३० लिटरच्या आसपास असतो, काहींवर खाली आकडा लिहिलेलाच असतो बघ. नवशिक्याने निदान आपल्या वजनाच्या किलोइतके लिटर धरावेत, थोडे जास्त असले तर उत्तमच. म्हणजे तुला ७५-८० तरी. ३० लिटरवर पालथा झोपलास की अर्धा बोर्ड पाण्याखाली, हात मारून मारून खांदे भरून येतात आणि लाट आरामात खालून निघून जाते. आणि लाटच धरता आली नाही तर उभं राहायची प्रॅक्टिस करणार कधी? कंटाळा यायचा तर तो याने येतो, मोठ्या बोर्डने नाही.

खारटपाणी: वरच्याशी सहमत, पण नुसते लिटर बघूनही फसायला होतं. रुंदी २२-२३ इंच असू दे आणि रॉकर कमी असू दे, म्हणजे बाजूने बघितलं तर बोर्ड बऱ्यापैकी सपाट दिसला पाहिजे, नाक फार वर वळलेलं नको. सपाट बोर्ड लवकर वेग घेतो त्यामुळे लाट लवकर मिळते, फक्त फार पुढे सरकून झोपू नकोस नाहीतर नाक पाण्यात खुपसून कोलांटी ठरलेली. आणि फोमचा सगळ्यात मोठा फायदा कुणी सांगत नाही, पडल्यावर तो डोक्यात बसला तर फायबरग्लासपेक्षा कितीतरी कमी लागतं. तुला आणि शेजारच्यालाही.

नवखा_७२: ओके शॉर्टबोर्ड कॅन्सल 😅 पण एक सेकंडहँड ७ फूट ६ चा मिनीमॅल (गोल नाकाचा मधल्या लांबीचा बोर्ड) पण दिसलाय, इपॉक्सीचा म्हणजे आत फोम आणि वर कडक रेझिनचा थर असलेला, ७० लिटरच्या आत आहे. तो चालेल का? बघताना काय तपासू?

डिंगदुरुस्ती: लिटर तुझ्यासाठी जरा काठावर आहेत पण अगदीच वाईट नाही, बोर्ड रुंद असेल तर जमून जाईल. मी तरी फोमचाच घेतला असता. तरी बघायला जाणारच असशील तर उजेडात बघ.

अंगठ्याने वरची बाजू दाबत जा, विशेषतः जिथे छाती टेकते आणि जिथे मागचा पाय येतो तिथे. दबून परत वर आलं किंवा कुरकुर आवाज आला तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय, असा बोर्ड सोडून दे. मग आडवी सुरकुती शोध, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असेल तर तो कधीतरी वाकलेला आहे आणि पुढेमागे तिथेच मोडणार. फिनच्या (बोर्डखालच्या पंखाच्या) बुडाशी बारीक चिरा आहेत का तेही बघ. छोटे खड्डे नीट बुजवलेले असतील तर काही बिघडत नाही, पण कुठे उघडी चीर असेल आणि भोवती तपकिरी डाग पडला असेल तर आत पाणी गेलंय. पाणी प्यायलेला बोर्ड उचलल्यावर कळतो, आकाराच्या मानाने जड लागतो.

मालक बोर्ड कुठे ठेवायचा तेही विचार. उन्हात बंद गाडीत तापलेल्या इपॉक्सीला फुगे येतात.

लाटवेडा: आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) जुनी देत असेल तर घेऊ नको, नवीन घे, बोर्डच्या लांबीइतकी. ८ फुटीला ६ फुटी लावलीस तर पडल्यावर बोर्ड सरळ अंगावर येतो. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डवर चोळायचं मेण, फोमच्या बोर्डलाही लागतं बरं का, आणि ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे घ्यायचं, थंड पाण्याचं वॅक्स गरम पाण्यात वितळून नुसता चिकटा होतो.

नवखा_७२: फोमचा ८ फुटी फायनल. घरी ठेवायचा कुठे हा वेगळा प्रॉब्लेम, त्यासाठी वेगळा धागा काढतो.