मदत हवी आहे: ३५० इंजिन, ६-७१ ब्लोअर आणि तापणारी गाडी

मंडळी, डेट्रॉइटच्या आसपास हॉट रॉडचं (जुनी गाडी, जोरदार इंजिन) वेड असलेलं कोणी आहे का? घरच्या गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्ड रोडस्टरवर काम चालू आहे. बॉडी फायबरची, इंजिन शेवरोलेचं ३५० क्यूबिक इंच, वर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप. तोच, मूळचा जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा. सध्या गल्लीपुरतीच फिरवतोय.

इंजिनात पिस्टन ९.५:१ कॉम्प्रेशनचे (हवा-इंधन दाबण्याचं प्रमाण) आहेत. पंपावरचं ९३ ऑक्टेन पेट्रोल, त्यात ब्लोअरचा ६-७ पीएसआय दाब. जोरात दाबली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकू येतं. माझ्या मते ८:१ च्या आसपासचे फोर्ज्ड पिस्टन टाकावेत. मित्र म्हणतो, पुली बदल, ब्लोअर क्रँकपेक्षा (इंजिनाच्या मुख्य दांड्यापेक्षा) हळू फिरव, दाब कमी होईल, झालं. अरे, मग एवढा खटाटोप काय नुसता शोभेला? टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेणं हाही उपाय आहे, पण तेवढ्यावर भागेल?

शिवाय सिग्नलला उभी राहिली की काटा २२० फॅरनहाइटवर. ३२ च्या ग्रिलमागे जागा मुळातच अरुंद, त्यात ब्लोअरच्या पट्ट्याने पुढची जागा खाल्ली. मेकॅनिकल पंखा बसतच नाही. इलेक्ट्रिक पंख्याला आच्छादन करून कोणी बसवलंय का? फोटो टाकाल?

आणि हो, खालच्या पुलीपाशी पट्ट्याची काळी भुकटी साचतेय. इंजिन तापलं की पट्टा ताणला जातो, म्हणून थंड असताना ढिला ठेवलाय. पुली तिरकी असेल का? रेषेत आहे की नाही ते घरच्या घरी कसं तपासता?