प्रथिननिर्मिती मंदावत असताना यीस्टमध्ये जीसीएन४ वाढते कसे?

प्रश्न
अमिनो आम्लांची टंचाई झाली की यीस्टच्या पेशीतील एकूण प्रथिननिर्मिती मंदावते, पण नेमके तेव्हाच जीसीएन४ हे प्रथिन वाढते, असे वाचले. भाषांतरणच (एमआरएनए या संदेशरेणूवरून प्रथिन तयार होणे) कमी होत असेल, तर एकाच एमआरएनएचे भाषांतरण वाढते कसे? ग्लुकोज काढून घेतल्यावर निर्मिती कोसळते, तीही याच यंत्रणेमुळे का?

प्रतिसाद १
उत्तर त्या एमआरएनएच्या रचनेत आहे. जीसीएन४च्या मुख्य संदेशाच्या आधी त्यात चार छोटे वाचनखंड (भाषांतरित होऊ शकणारे तुकडे) आहेत. पहिला खंड वाचून झाल्यावर रायबोसोमचा (प्रथिने घडवणाऱ्या यंत्राचा) लहान उपघटक अनेकदा न सुटता पुढे सरकत राहतो, मात्र पुन्हा भाषांतरण सुरू करण्यासाठी त्याला ईआयएफ२ (भाषांतरण सुरू करणारे प्रथिन), जीटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि मेथिओनिन हे पहिले अमिनो आम्ल वाहणारा टीआरएनए यांचे संकुल नव्याने मिळावे लागते. अमिनो आम्ले मुबलक असताना ते लवकर मिळते, पुढचा एखादा छोटा खंड वाचला जातो आणि रायबोसोम तिथेच गळून पडतो. टंचाईत अमिनो आम्ल न जोडलेले टीआरएनए साचतात. ते जीसीएन२ हे किनेझ (फॉस्फेट जोडणारे विकर) ओळखते आणि ईआयएफ२ला फॉस्फेट जोडते, त्यामुळे संकुल दुर्मीळ होते आणि ते हाती येईपर्यंत उपघटक चौथा खंड ओलांडून मुख्य संदेशापाशी पोहोचलेला असतो. इतर बहुतेक संदेशांना जी टंचाई मारक ठरते, तीच या एका संदेशाला उपकारक ठरते, हे मला फार चतुर वाटते. पुढे जीसीएन४ अमिनो आम्ले तयार करणारी जनुके चालू करते.

प्रतिसाद २
ग्लुकोजचे प्रकरण वेगळे आहे. ते काढताच एक-दोन मिनिटांत भाषांतरणाची सुरुवात जवळजवळ थांबते आणि जीसीएन२ नसलेल्या पेशींतही तसेच घडते. ग्लुकोज परत दिले की काही मिनिटांत काम पूर्ववत होते.
याखेरीज टॉर ही पोषकद्रव्यांच्या पुरवठ्यानुसार वाढ नियंत्रित करणारी संथ, पण खर्चाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची यंत्रणा आहे. तिची जनुके १९९१ मध्ये रॅपामायसिन या औषधाच्या अभ्यासातून यीस्टमध्येच सापडली. वेगाने वाढणाऱ्या पेशीत सुमारे २,००,००० रायबोसोम असतात आणि मिनिटाला सुमारे २,००० नवे घडतात. नायट्रोजन आटला की टॉरची क्रिया मंदावते आणि हा खर्च आधी थांबतो.

प्रश्नकर्ता
आभार. मग आधीच तयार असलेल्या रायबोसोमांचे काय होते?

प्रतिसाद २
ग्लुकोज थोड्या वेळापुरते गेले, तर बहुतेक रायबोसोम निष्क्रिय राहून पुन्हा वापरात येतात. नायट्रोजनची उपासमार लांबली, तर मात्र स्वभक्षणाद्वारे (पेशीने स्वतःचेच घटक पचवण्याद्वारे) त्यांचा काही भाग रिक्तिकेत (पेशीतील पचनकोशात) विघटित होतो आणि त्यातून सुटलेली अमिनो आम्ले नव्या, अत्यावश्यक प्रथिनांसाठी वापरली जातात.