जालन्याच्या स्लॅगमधून लिंबूसताने मेटल निघंल का?

जालनेकर_केमिस्ट्री: नमस्कार मंडळी, मी एमएस्सी केमिस्ट्री दुसऱ्या वर्षाला आहे, मामा एमआयडीसीत सळई बनवायच्या कंपनीत इंडक्शन भट्टीवर आहेत, त्यांच्याकडून स्लॅग (वितळलेल्या लोखंडावर साचणारा मळ, गार झाला की दगडासारखा) आणून प्रोजेक्ट करायलोय. पेपरात वाचलं की सायट्रिक, ऑक्झॅलिक असल्या सेंद्रिय आम्लांनी स्टीलच्या स्लॅगमधलं व्हॅनेडियम, क्रोमियम, मॅंगनीज सोडवता येतं. म्हणून ५० ग्रॅम खलबत्त्यात कुटून बरणीत घेतला अन् किराणा दुकानातलं लिंबूसत पाण्यात विरघळवून वर ओतलं. लगेच बारीक बुडबुडे सुरू, झाकण लावून झोपलो तर रात्री झाकण उडालं, सकाळी पाणी हिरवट पिवळं झालेलं. हे नुसतं लोखंडच सुटलं का? अन् अजून एक, गावाकडं मोसंबीची फळगळ लै झालीय, झाडाखाली सडा पडलाय, त्याचा रस ऍसिड म्हणून चालंल का?

भट्टीवाला: भाऊ आधी एक ऐक, झाकण घट्ट लावू नको अन् जवळ गॅस, काडेपेटी काही ठेवू नको, तो हायड्रोजन आहे. स्लॅगमध्ये लोखंडाचे मोहरीएवढे दाणे अडकलेले असतात, ऍसिड आधी त्यांनाच खातं. आमच्याकडं गार झालेला स्लॅग क्रशरमधून काढून मॅग्नेट फिरवतात, निघालेलं लोखंड परत भट्टीत. तू पण जुन्या स्पीकरचं चुंबक घे, कागदात गुंडाळ, पावडरवरून चार वेळा फिरव, किती चिकटतं बघून चकित होशील.

परभणीचा_मेटलर्जी: वरच्या दादांचं बरोबर. पण मुख्य घोळ वेगळाच आहे, तू वाचलेले पेपर बहुतेक कन्व्हर्टरच्या स्लॅगवरचे असणार, म्हणजे खनिजातून काढलेल्या बिडापासून स्टील करणाऱ्या मोठ्या प्लांटचे. त्यात चुना ४०-५० टक्के. हिशोब करून बघ, १ किलोत ४५० ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड धरलं तर नुसता तो चुना मारायलाच साधारण १ किलो सायट्रिक ऍसिड जातं, मेटलचा नंबर त्यानंतर. ऑक्झॅलिक घेतलं तरी किलोभरच लागतं, वर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा गाळ बसतो, मूतखड्यात असतो तोच.

जालन्याचं उलटं आहे. तिथं भट्टीला आतून सिलिकाचं अस्तर (रॅमिंग मास), माल म्हणजे भंगार (स्क्रॅप) अन् स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड), म्हणून स्लॅगमध्ये चुना कमी, सिलिका जास्त, काचेसारखा. असला स्लॅग सौम्य ऍसिडला लवकर दाद देत नाही. व्हॅनेडियम मिळतं ते मुळात व्हॅनेडियमवाल्या खनिजाच्या स्लॅगमध्ये, सळईच्या भंगारात ते कुठून येणार? तुझ्या कामाचं मॅंगनीज आहे, त्याच्यावर प्रोजेक्ट बांध. पण आधी एक्सआरएफ (एक्स-रे टाकून कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारी तपासणी) करून घे, आत काय आहे हे माहीत नसताना काय काढायचं ते ठरवू नको.

सूक्ष्मजीव_लातूर: मोसंबीचं मी सांगते. मोसंबी गोड, आंबटपणा अगदी कमी, रस थेट ओतून काही होणार नाही. पण त्यातली साखर काळ्या बुरशीला चालते, ॲस्परजिलस नायजर, कांद्यावर काळी भुकटी येते ना तीच. बाजारातलं सायट्रिक ऍसिड १९१९ पासून याच बुरशीकडून बनवतात, त्यामुळं तुझं लिंबूसतही बहुतेक लिंबाचं नाहीच.

पण बुरशी अन् स्लॅग एकाच फ्लास्कमध्ये टाकू नको बाळा. मॅंगनीज अगदी किंचित जरी असलं तरी ती सायट्रिक बनवायचं कमी करते अन् नुसती वाढत बसते, आणि तुला तर मॅंगनीजच सोडवायचंय. साखर कारखान्याची मळी वापरतानासुद्धा त्यातले धातू आधी काढावे लागतात. म्हणून पहिल्यांदा ऍसिड तयार होऊ दे, गाळून घे, मग तो द्राव स्लॅगवर टाक. लॅबमध्ये १ भाग स्लॅगला १० भाग पाणी सर्रास घेतात, म्हणजे १ टनाला १०,००० लिटर, सरळ एक टँकर. जालन्यात मे महिन्यात टँकरसाठी बाया रांगेत उभ्या असतात, मला हे विसरता येत नाही. तेव्हा तेच पाणी परत परत फिरवून किती वेळा चालतं हे तू मोजलंस तर आपल्या भागासाठी ते खरं काम होईल.

जालनेकर_केमिस्ट्री: ताई, दादा, लै आभार. आत्ताच चुंबक फिरवलं, ५० ग्रॅममधून ६ ग्रॅम चिकटलं! उरलेल्यात लिंबूसत टाकलं तर बुडबुडे जवळपास बंद. एक्सआरएफसाठी संभाजीनगरला विचारतो, अन् तोच द्राव तीनदा वापरून बघतो, दर वेळी पीएच लिहून ठेवीन. आकडे आले की इथंच टाकतो.

भट्टीवाला: टाक. अन् सॅम्पल एकाच हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) घेऊ नको, स्क्रॅप रोज बदलतं, आठवडाभराचा थोडा थोडा जमव, मामाला सांग डब्यावर तारीख टाकायला.