०१:२३:४५ चे सेकंद काढायला डेट लायब्ररी कशाला लागते?

निळा_कर्सर
पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत "०१:२३:४५" (तास:मिनिटं:सेकंद) ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, सेकंदात करायची म्हटलं की हमखास सल्ला मिळतो की डेटटाइम ही तारीख-वेळेची तयार लायब्ररी इम्पोर्ट करा, तिच्या स्ट्रपटाइम फंक्शनने स्ट्रिंग पार्स करा म्हणजे वाचून घ्या, मग तास मिनिटं सेकंद वेगळे काढून गुणा. अहो, शेवटी गुणाकार आपणच करतोय ना? मग सरळ कोलनवर स्प्लिट करा म्हणजे तोडा, तुकडे इंट म्हणजे पूर्णांक करा, (तास × ६० + मिनिटं) × ६० + सेकंद, आलं ५०२५. झालं काम. आणि स्ट्रपटाइमला तारीख दिली नाही तर तो स्वतःच १ जानेवारी १९०० धरतो, जी कोणी मागितलेलीच नसते. त्यात "३६:१५:००" दिलं की व्हॅल्यू एरर, कारण तास फक्त ० ते २३ चालतात. एखादा जॉब (संगणकावरचं काम) छत्तीस तास चालला तर ते चूक आहे का? माझं ठाम मत, अशा कामाला लायब्ररी वापरूच नये.

अर्धविराम
अजिबात पटलं नाही. तुमच्या स्प्लिटला "०१:७५:९९" द्या, गुपचूप ८१९९ देईल. ७५ मिनिटं आणि ९९ सेकंद कुठल्या घड्याळात असतात? लायब्ररी तिथल्या तिथे थांबवते, आणि खराब डेटावर कोड थांबलाच पाहिजे, नाहीतर तो आकडा रिपोर्टात जातो आणि मग शोधत बसा कुठून आला. मायनसचं तर विचारूच नका. "-०१:३०:००" चे व्हायला हवेत -५४००, पण मायनस फक्त तासाला चिकटतो, मिनिटं प्लसच राहतात, म्हणून येतात -१८००. "-००:३०:००" ला तर चिन्हच गायब, कारण इंट केल्यावर उणे शून्य म्हणजे शून्यच.

निळा_कर्सर
मायनसचा मुद्दा खरा आहे, चिन्ह आधी बाजूला काढून शेवटी लावायला हवं. पण स्ट्रपटाइम तरी कुठे मायनस घेतो? तिथेही ते हातानेच करावं लागणार. आणि मिनिटं सेकंद ६० च्या आत आहेत का हे बघायला एक इफ पुरतो.

टॅब_की
लायब्ररी वापरली म्हणजे सुटलो असंही नाही. छत्तीस तास पंधरा मिनिटांचा टाइमडेल्टा (डेटटाइममधला कालावधीचा प्रकार) करून त्याचं सेकंड्स वाचलं तर ४४१०० येतं, १३०५०० नाही. कारण अख्खा दिवस वेगळ्या खान्यात जातो आणि तिथे फक्त उरलेले सेकंद दिसतात. टोटल सेकंड्स मागायचं असतं. हा बग टेस्टमध्ये सापडतच नाही कारण टेस्टमधले आकडे चोवीस तासांच्या आतलेच असतात.

शून्य_आधारित
मला वाटतं तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. किती वेळ लागला हा कालावधी असेल तर निळा_कर्सर बरोबर, ३६ तास चालतात, मायएसक्यूएल या डेटाबेसचा टाइम प्रकार तर -८३८:५९:५९ ते ८३८:५९:५९ एवढं घेतो आणि त्याचं टाइम-टू-सेक फंक्शन त्याचे सेकंद देतं. पण घड्याळातली वेळ असेल तर नुसता गुणाकार घातक आहे. सकाळचे ८ म्हणजे मध्यरात्रीपासून २८८०० सेकंद, बरोबर? जिथे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात तिथे एक दिवस २३ तासांचा असतो आणि एक २५ चा, त्या दिवशी हा आकडा साफ चुकतो. तिथे तारीख आणि टाइमझोन दोन्ही हवेतच, आणि ते हाताने करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

अर्धविराम
हेच तर! आणि स्ट्रिंग बघून कळतं का ती कालावधी आहे की वेळ? "१२:३०" घ्या. बारा मिनिटं तीस सेकंद की साडेबारा? ७५० की ४५०००? म्हणून मी म्हणतो फॉरमॅट स्पष्ट लिहायला लावणारं काहीतरी हवं, स्प्लिट तुम्हाला ते विचारतच नाही.

टॅब_की
बॅशवाल्यांसाठी (लिनक्सच्या कमांड लाइनवर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी) एक भर. तिथे हाच गुणाकार ०७ पर्यंत नीट चालतो आणि ०८ ला एरर देतो, कारण पुढे शून्य असलं की तो आकडा ऑक्टल (फक्त ० ते ७ अंकांच्या पद्धतीतला) समजतो आणि ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही. आकड्याआधी १०# लावा. सकाळी सातला चालणारी स्क्रिप्ट आठला का पडते हे कारण माहीत नसेल तर लवकर लक्षात येत नाही.

निळा_कर्सर
"१२:३०" साठी माझा नियम साधा आहे, दोनच भाग आले तर फंक्शनने एरर द्यावी, अंदाज बांधायचा नाही. तीन भाग, मायनस आधी वेगळा, मिनिटं सेकंद ५९ पर्यंत, तासाला मर्यादा नाही. सहा-सात ओळी होतात, आणि कालावधीसाठी मी अजूनही तेच लिहीन. घड्याळाच्या वेळेसाठी शून्य_आधारित यांचं मान्य, तिथे टाइमझोनवाली लायब्ररीच.