मदत हवी आहे: सेथ थॉमसचं लेबल, लाकडी मशीन. नोंद कशी करावी?

टिकटिकराव

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका जुन्या शेल्फ घड्याळाची (फळीवर ठेवायच्या) रीतसर नोंद करायची आहे. घाट 'पिलर अँड स्क्रोल': वर वळणदार माथा, तीन पितळी कळस, दोन्ही बाजूंना बारीक खांब, दाराच्या खालच्या काचेवर मागून रंगवलेलं चित्र. उंची ७९ सेंमी, रुंदी ४४, खोली ११. पाइनच्या पेटीवर महोगनीचं व्हिनियर (लाकडाचा पातळ थर). पाठफळीवर छापील लेबल: शोध एलाय टेरी यांचा, बनवणार सेथ थॉमस, गाव प्लिमथ. लेबलाची खालची पट्टी फाटली आहे. मशीन (आतली यंत्रणा) एका चावीत ३० तास चालणारं, लाकडी. चावीची भोकं बरोबर ३ आणि ९ च्या पातळीवर. विकणाऱ्याने पावतीवर १८१६ साल टाकलंय.

ते साल धरावं का? लेबल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? आणि घड्याळ चालवणारी लोंबती वजनं मिळालेली नाहीत, ती किती किलोची घ्यावीत?

गजर

१८१६ आधी खोडा. ते टेरींच्या पेटंटचं साल आहे, घड्याळ बनल्याचं नाही. त्या पेटंटवर थॉमसने पुढे कित्येक वर्षं घड्याळं बनवली, त्यामुळे लेबलावरचं टेरींचं नाव तारीख ठरवायला कामाचं नाही. पेटंटचा क्रमांक शोधत बसू नका. अमेरिकेत पेटंटना क्रमांक १८३६ च्या जुलैपासून मिळू लागले आणि त्याच डिसेंबरात पेटंट कार्यालयाला आग लागून जुने कागद जळाले.

मला जास्त खटकतंय ते चावीच्या भोकांचं. टेरी धाटणीच्या लाकडी मशीनमध्ये ती मध्याच्या खाली, दोन बाजूंना असतात. ३ आणि ९ वर भोकं हे टॉरिंग्टन (कनेटिकटमधलंच दुसरं गाव) धाटणीच्या आडव्या मशीनचं लक्षण. तिथल्या नॉरिस नॉर्थ या घड्याळजीच्या घड्याळांत ते दिसतं. थॉमसच्या लेबलाखाली ते बसत नाही. काटे काढा (मधली निमुळती पिन आधी), तबकडी उतरवा आणि तिची मागची बाजू बघा. पेटीतल्या ज्या उभ्या पट्ट्यांवर मशीन पिनांनी अडकतं, त्यांत बुजवलेली जादा भोकं आहेत का तेही.

मात्र काहीही उतरवण्याआधी फोटो. फ्लॅश बंद, दिवा एका बाजूने अगदी तिरपा, शेजारी सेंटीमीटरची पट्टी. लेबलाचे चार तुकड्यांत, कडा एकमेकांवर येतील असे फोटो घ्या, नाहीतर बारीक टाइप वाचता येत नाही.

टिकटिकराव

तबकडी काढली. मागून दोन गोल बुचं स्पष्ट दिसतात, मध्याच्या खाली. पुढून त्यांवर रंग फासलाय. ३ आणि ९ ची भोकं आतून पांढरट, ताज्या लाकडाची. उभ्या पट्ट्यांत प्रत्येकी दोन जादा भोकं, लाकडी खुंट्या ठोकून बंद केलेली.

गजर

मग निकाल लागला: तबकडी आणि पेटी एका घरची, मशीन दुसरीकडून आलेलं. नोंदीत पेटी, तबकडी, लेबल, मशीन यांना वेगवेगळी ओळ द्या आणि प्रत्येकीपुढे पुरावा लिहा. 'सेथ थॉमसचं घड्याळ' असा एकच मथळा टाकलात तर पुढचा माणूस हे मशीन थॉमसचं म्हणून उद्धृत करेल. अशा चुकीच्या नोंदी एकमेकींवरून नकलत जातात आणि मग त्या उपटणं मुश्कील होतं.

कागदकीडा

लेबलाबद्दल. दहापट भिंग घ्या. अस्सल असेल तर टाइपाचा दाब कागदात रुतलेला तिरप्या उजेडात दिसतो. नवीन नकलेत अक्षरं सपाट असतात, फोटोवरून छापलेली असतील तर बारीक ठिपके दिसतात. दुरुस्तीवाल्यांसाठी अशी नक्कल लेबलं उघड विकली जातात, चहाने पिवळी केलेली. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा: कागद निळा-पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. न चमकला म्हणजे जुनाच, असं मात्र नाही. पाठफळीच्या गाठीतला राळेचा डाग कागदातून वर आला असेल तर लेबल तिथे बराच काळ आहे.

फाटलेल्या पट्टीवर बहुधा छापखान्याचं नाव होतं, आणि तारखेचा सगळ्यात चांगला धागा तोच. उरलेल्या ओळींची मांडणी, चौकटीची नक्षी कनेटिकटमधल्या ब्रिस्टलच्या अमेरिकन क्लॉक अँड वॉच म्युझियममधल्या पूर्ण प्रतींशी ताडून बघा. कोलंबिया, पेनसिल्व्हेनियातल्या एनएडब्ल्यूसीसी या घड्याळ संग्राहकांच्या संघटनेच्या ग्रंथालयालाही विचारा. मालकीचा माग हवा असेल तर हार्टफर्डच्या कनेटिकट स्टेट लायब्ररीत मृत्युपत्रांच्या जंगम मालाच्या याद्या आहेत. पण तिथे घड्याळ बहुतेक वेळा नुसतं 'लाकडी घड्याळ' एवढंच लिहिलेलं असतं.

कडा उचकटल्या असतील तर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. तबकडीमागे पेन्सिलीने कोण्या दुरुस्तीवाल्याने सही-साल टाकलं असेल तर पुसू नका, फोटो काढा.

वाड्यातला_टोला

विषयाला सोडून: पुण्यातल्या वाड्यांत दिसणारी अँसोनिया या अमेरिकन कंपनीची घड्याळं याच काळातली का?

कागदकीडा

नाही. अँसोनियाचा ब्रुकलिनचा कारखाना १८७० च्या दशकाच्या अखेरीचा. १९२९ मध्ये यंत्रं रशियाला विकली गेली. वाड्यातली घड्याळं या दोन्हींच्या मधल्या काळातली. वेगळा धागा काढा.

गजर

वजनांचं राहिलं. या मशीनना साधारण सव्वा ते दीड किलोची बिडाची दोन वजनं. घड्याळ थांबतंय म्हणून जड वजन लावू नका. चेरीच्या चाकाचे दाते तुटतात, आणि ते पहिल्यांदा टोल्यांच्या बाजूचे. थांबण्याचं कारण बहुधा दमट हवेत फुगलेलं लाकूड किंवा वाकडी उभी केलेली पेटी असते. तेलाचा थेंब फक्त पितळी एस्केप चाक (टिकटिक करत एकेक दाता सुटणारं) अँकरला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या आकड्याला, घासतं तिथे. लाकडी दात्यांना आणि लाकडातल्या भोकांना अजिबात नाही, धूळ चिकटून राड होते.