लसीका, लस आणि लिम्फोमा

अनगोळकर: मामांच्या बारक्या आतड्याला भोक पडलं, ऑपरेशन झालं. आधी पोटाचा टीबी समजून औषधं चालली होती. कापलेल्या तुकड्याच्या तपासणीत निघालं ‘मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक इन्टेस्टायनल टी-सेल लिम्फोमा’. लसीका म्हणजे लिम्फ, अंगातला पातळ द्रव; म्हणून घरी मी ‘लसीकेचा कॅन्सर’ असं सांगितलं, तर आजी म्हणते, “लस घेऊ नको म्हणून सांगत होतो मी त्याला!” लिम्फोमाला दुसरा शब्द सुचवा.

निपाणीकर: लसीकार्बुद.

अनगोळकर: त्यातही लस आहेच की ओ.

चिकोडी_एक्स्प्रेस: अर्बुद नकोच. मराठीत ती साधी गाठही असू शकते, कन्नडमध्ये अर्बुद म्हणजे थेट कॅन्सर. कन्नड शाळेतली पोरं घाबरतील.

निपाणीकर: मग हा काय सर्दी-पडसं आहे?

पॅथॉलॉजीवाला: आधी आजार समजून घ्या. टी-सेल म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांचा हा कॅन्सर. मोनोमॉर्फिक म्हणजे सगळ्या पेशी एका छापाच्या. एपिथेलिओट्रॉपिक म्हणजे आतड्याच्या अस्तरात घुसणाऱ्या. याला २०१६ पर्यंत ‘टाइप टू ईएटीएल’ (एन्टेरोपॅथी-असोसिएटेड टी-सेल लिम्फोमा) म्हणायचे. टाइप वनचं नातं सीलिअ‍ॅकशी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं होणाऱ्या आतड्याच्या आजाराशी. याचं सहसा नसतं, म्हणून नाव तोडलं. पेशींवरची सीडी३, सीडी८, सीडी५६ ही प्रथिनं रंग देऊन बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. टीबीतही आतड्यावर व्रण, म्हणजे अल्सर, पडतात, गल्लत होते.

शुद्धमती: ‘अस्तर’ फारसी आहे. अभिस्तर म्हणा. अभिस्तरगामी.

चिकोडी_एक्स्प्रेस: आजीला सांगायचंय बाई, परिभाषा कोशाला नाही. शिंप्याचं अस्तर तिला ठाऊक आहे.

खानापूर_रोड: आजी अगदीच चुकली नाही! जखमेतनं पाझरते ती लस, हा जुना अर्थ. देवीच्या लसीला इंग्रजही लिम्फच म्हणायचे. आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत तीच तर बनायची.

निपाणीकर: म्हणजे लिम्फचं मराठी लस, हे बेळगावातच ठरलं म्हणा!

शुद्धमती: काहीही. ‘लसीका’ संस्कृत आहे, तुमच्या डेपोच्या कितीतरी आधीचा.

खानापूर_रोड: ‘लस’ म्हटलंय मी, ‘लसीका’ नव्हे. नीट वाचा.

पॅथॉलॉजीवाला: अनगोळकर, शब्द राहू दे. पीईटी स्कॅन झाला का? गाठी कुठंकुठं आहेत ते बघूनच केमोचं ठरतं. आजीला ‘आतड्याचा कॅन्सर, लशीचा संबंध नाही’ एवढंच सांगा.

अनगोळकर: स्कॅन सोमवारी. ते सांगून झालंय ओ, तरी ती लशीवरच अडून बसलीय.

चिकोडी_एक्स्प्रेस: ती लस काढायला डेपोत वासरं पण पाळायचे ना?