बॉल पायथनच्या पिल्लाची टाकी गरमच होत नाहीये, हीट मॅट खराब आली का?

घोडबंदरचा_गारठा

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडला राहतो, सातवा मजला, समोर खाडी त्यामुळे सध्या रात्री मस्त गार वारा येतो आणि तोच प्रॉब्लेम झालाय. बॉल पायथनचं (आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर) पिल्लू आहे, साधारण पाच महिन्यांचं, ११० ग्रॅम. काचेची टाकी २ फूट बाय १ फूट, वर जाळीचं झाकण. खाली एका बाजूला १४ वॉटची हीट मॅट चिकटवलीये, टाकीच्या एक तृतीयांश भागाला, मॅट थर्मोस्टॅटवर आहे आणि थर्मोस्टॅट ३२ वर सेट केलाय. आत कोकोपीट, दोन लपायच्या जागा, पाण्याचं भांडं.

तर झालंय असं की मागच्या काचेवर जो गोल काट्याचा थर्मामीटर चिकटवलाय तो २४ च्या वर जातच नाही, पहाटे तर २१ दाखवतो. थर्मोस्टॅटचा लाल दिवा मात्र चोवीस तास चालू, म्हणजे मॅट बंद होतच नाहीये. पप्पा म्हणतात लाइट बिल बघ, आई म्हणते त्याला स्वेटर विणू का. पिल्लू तीन आठवडे जेवलं नाहीये (आधी दर आठवड्याला एक छोटा उंदीर सरळ खायचं) आणि दोन्ही लपायच्या जागा सोडून पाण्याच्या भांड्याला टेकून मध्येच बसून असतं. दुकानवाला म्हणतोय २८ वॉटची मोठी मॅट घे. घेऊ का? की ही मॅटच खराब आहे?

सीवूड्सची_ताई

थांब, काहीही विकत घेऊ नकोस आत्ता. आधी एक सांग, थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर) नक्की कुठे लावलायस? आणि कोकोपीट किती जाड आहे मॅटच्या बाजूला?

घोडबंदरचा_गारठा

प्रोब आतल्या बाजूने काचेला मध्यावर चिकटवलाय ताई, जमिनीपासून पाच-सहा इंच वर, म्हणजे हवेचं टेंपरेचर बरोबर कळेल म्हणून. कोकोपीट सगळीकडे दोन अडीच इंच.

सीवूड्सची_ताई

वाटलंच होतं. तुझी मॅट खराब नाहीये, उलट जरा जास्तच इमानदारीने काम करतेय बिचारी.

बघ, हीट मॅट हवा तापवत नाही, ती तिच्या वरची काच तापवते आणि काचेला टेकलेलं जे काही असेल ते. तू प्रोब हवेत लावलास, हवा आहे २४, थर्मोस्टॅटला वाटतं अजून ३२ झालं नाही, म्हणून तो मॅटला करंट देत राहतो, देत राहतो, आणि हवा काही ३२ होत नाही कारण वर सगळी जाळी उघडी, गरम हवा निघून जातेय. मग खाली काय होत असेल? वरून अडीच इंच कोकोपीट म्हणजे गोधडीच, उष्णता वर येत नाही आणि काच तापत जाते. आता तुझं पिल्लू लपायला म्हणून कोकोपीट उकरून खाली गेलं की पोट थेट त्या काचेवर. आत्ता एक काम कर, हाताने अंदाज घेऊ नको, टेंपरेचर गन असेल कोणाकडे (कोविडमध्ये कपाळावर धरायची ती नाही, ती अंगाच्या तापापुरतीच असते, इलेक्ट्रिशियन वापरतात ती) तर मॅटच्या वरचं कोकोपीट बाजूला सारून काचेवर धर आणि आकडा इथे टाक. दुसऱ्या बाजूचाही टाक. आणि पिल्लाचं पोट उजेडात नीट बघ, लालसर, तपकिरी किंवा फोड आलेले खवले दिसतात का.

मध्येच बसायचं कारणही हेच असावं. एका लपायच्या जागेत तवा, दुसरीत फ्रीज, मग जाणार कुठे.

घोडबंदरचा_गारठा

ताई ४४!! खाली काच ४४ आहे. दुसऱ्या टोकाला २१.५. पोट बघितलं, काही दिसत नाहीये, नॉर्मल पांढरं आहे. प्लग काढलाय लगेच. आता रात्री काय करू?

खारघर_डोंगराखाली

प्लग काढून गारठवू नकोस भावा, आज रात्रीच प्रोब खाली घे. मी यातून गेलोय म्हणून सांगतो.

माझ्या पहिल्या पायथनच्या वेळी प्रोब बरोबर जागी होता पण साध्या सेलोटेपने चिकटवलेला, दमट हवेत टेप सुटला, प्रोब घसरत घसरत पाण्याच्या भांड्यात. पाणी २५, थर्मोस्टॅट म्हणतो थंडी वाजतेय, मॅट रात्रभर फुल. सकाळी पोटावर दोन इंचाचा चट्टा. एक्झॉटिकवाल्या (साप-कासवांसारखे वेगळे पाळीव प्राणी बघणाऱ्या) डॉक्टरांकडे दोन महिने मलम, तीन कात टाकल्यावर डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. आणि सापाचं एक असतं, खालून भाजतंय म्हणून तो लगेच उठून जाईल असं आपल्याला वाटतं, तो जात नाही, बसून राहतो. त्यामुळे मध्ये बसायची अक्कल दाखवणारं तुझं पिल्लू हुशार आहे म्हणायचं. दुसरं, टेप कुठलाही टाकीच्या आत नको, पिल्लू चिकटलं की टेप खवले घेऊनच निघतो.

तर प्रोब मॅटच्या बरोबर मधोमध, काच आणि कोकोपीटच्या मध्ये, सपाट. वायर एका कोपऱ्यातून बाहेर काढ आणि तिथे वर जड टाइलचा तुकडा ठेव म्हणजे उकरून निघणार नाही. त्या बाजूचं कोकोपीट अर्धा-पाऊण इंचच ठेव. थर्मोस्टॅट ३३. तासाभराने गन मारून बघ, वरचा पृष्ठभाग ३१-३२ आला पाहिजे, खालची काच ३४ च्या वर जाता कामा नये.

सीवूड्सची_ताई

+१, एवढं आज रात्री केलंस तरी पिल्लाला एक सेफ गरम कोपरा मिळाला. आता उद्यापासून दुसरा अर्धा प्रॉब्लेम, हवा. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्याला गरम बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली नको. तुझी थंड बाजू २१ म्हणजे कमीच. अशा गारठ्यात जेवला तरी पचत नाही, पोटात सडतं आणि उलटी करतो, म्हणून न जेवणं हे एका अर्थी बरंच झालं.

पैसे न घालता आधी हे कर: जाळीच्या झाकणाचा तीन चतुर्थांश भाग वरून ॲक्रिलिक शीटने किंवा फॉइलने झाक. तीन बाजूंना काचेच्या बाहेरून थर्माकोल, टीव्हीच्या बॉक्समधला असतो तो चालतो (आतून नाही, आतून लावलास तर पिल्लू त्याच्या मागे जाऊन बसेल आणि तू घरभर शोधशील). टाकीच्या खाली मॅटच्या जागी मात्र काही दाबू नको, चार कोपऱ्यांना रबरी पाय लाव, मॅटला खालून हवा लागते. आणि टाकी खिडकीपासून, गॅलरीच्या दारापासून हलव, आतल्या भिंतीला लाव, तुमच्याकडे खाडीचा वारा म्हणतोस त्यामुळे यानेच दोन डिग्री फरक पडेल.

एवढं करून रात्री २४ येत नसेल तर वरून सिरॅमिक हीट एमिटर (बल्बसारखाच, पण उजेड न देता फक्त उष्णता देणारा), ४० किंवा ६० वॉट, जाळीच्या बाहेर, होल्डर चिनी मातीचा घ्यायचा, प्लास्टिकचा वितळतो. आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट. एकाच थर्मोस्टॅटवर दोन्ही लावायचे नाहीत, कारण एकाचा प्रोब जमिनीचं मोजतो, दुसऱ्याचा हवेचं.

मुलुंड_चेकनाका

एवढा खर्च कशाला? मी तर ६० वॉटचा पिवळा बल्ब टाकीत सोडलाय, पंख्याच्या रेग्युलेटरवर कमीजास्त करतो. दोन वर्षं झाली, साप मस्त.

खारघर_डोंगराखाली

दादा तुमचं नशीब चांगलं आहे एवढंच म्हणेन. टाकीच्या आत बल्ब म्हणजे साप त्याला वेटोळं घालतो, ऊब हवी म्हणून, आणि भाजतो. रात्रीचा प्राणी आहे, रात्रभर उजेडात ठेवलं तर बाहेर येणार कधी, लाल बल्ब लावला तरी तो काही अंधार नाही. आणि रेग्युलेटर तुम्ही फिरवता, तुम्ही ऑफिसला असताना दुपारी खोली पाच डिग्री तापली तर कोण फिरवणार? थर्मोस्टॅट म्हणजे तेच काम न झोपता करणारा माणूस.

बिलाचं पप्पांना सांग: १४ वॉटची मॅट चोवीस तास सलग चालली तरी महिन्याला साधारण १० युनिट, आणि प्रोब खाली घेतल्यावर ती अर्धा वेळ बंदच असेल.

मुलुंड_चेकनाका

ठीक आहे, बल्ब निदान जाळीच्या बाहेर घेतो. ते वेटोळ्याचं डोक्यात आलं नव्हतं.

ऐरोलीकर_काका

मंडळी, सगळे थंडीचं बोलताय, आपल्याकडे थंडी असते किती, डिसेंबर-जानेवारी. खरी परीक्षा मे महिन्यात. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे शेवटचा मजला, वर स्लॅब, दुपारी खोलीत ३६. तेव्हा मॅट बंद, टाकी घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर, आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर एका कोपऱ्याला. एसी लावलात तर २६-२७ वर लावा, माणसांसारखा २२ वर नको. आणि टाकीवर ऊन कधीही पडू द्यायचं नाही, काचेची पेटी उन्हात म्हणजे पार्क केलेली गाडी.

पावसाळ्यात उलटं, हवेत ओल एवढी की कोकोपीटला बुरशी येते. दमटपणा ५५ ते ६५ टक्के पुरे, कात टाकायच्या वेळी ७०. त्या दिवसांत कोकोपीट पातळ आणि कोरडं ठेवा, नाहीतर पोटाचे खवले सडतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले तर नेटवर विचारत बसू नका, सरळ डॉक्टर. आत्ता थंडीत सिरॅमिक लावलात तर मात्र हवा कोरडी होईल, तेव्हा एका डब्यात ओलं मॉस घालून ठेवा.

लाइट गेली तर? १४ वॉट इन्व्हर्टरवर आरामात चालते. इन्व्हर्टर नसेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून टाकीत, वरून चादर.

शेवटचं, कागद. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, आणि त्यात साइट्स (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणी शेड्यूल ४ मध्ये आले, बॉल पायथन त्यात आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. तुझी झालीये का?

घोडबंदरचा_गारठा

काका, ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले मी करतो, पण माझ्या हातात काहीच कागद नाहीये.

ऐरोलीकर_काका

मग उद्याच मागून घे, आणि देत नसतील तर वन खात्याच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचार, साप तुझ्या घरात आहे, जबाबदारी तुझी. आणि ज्यांना हे वाचून येऊरला पावसात दिसलेला अजगर घरी आणावासा वाटतोय त्यांच्यासाठी: आपला अजगर शेड्यूल १ मध्ये आहे, तो पाळणं गुन्हा. दिसला तर वन खात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन.

घोडबंदरचा_गारठा

अपडेट देतो मंडळी, आठ दिवस झाले. प्रोब खाली घेतला, थर्माकोल लावला, झाकण झाकलं, टाकी हॉलच्या आतल्या भिंतीला. सिरॅमिक घ्यावंच लागलं, ४० वॉटचं, त्याशिवाय पहाटे २२.५ च्या वर येत नव्हतं. आता गरम बाजू वरून ३१.५, थंड बाजू २५, पहाटे २४. गोल काट्याचा थर्मामीटर गनशी ताडून बघितला तर तो तीन डिग्री चुकीचा होता, फेकून दिला.

पिल्लू दोन दिवस तसंच मध्ये, मग तिसऱ्या दिवशी गरम बाजूच्या घरात शिरलं ते बाहेरच येईना. वजन १०६. आई रोज सकाळी आधी आकडा बघते मग चहा ठेवते. नोंदणीचं काम चालू केलंय काका, त्यांनी पावती पाठवली.

रविवारी खायला देऊ का? नेहमीचाच साइझ?

सीवूड्सची_ताई

दे. नेहमीपेक्षा एक साइझ लहान, त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ९-१० ग्रॅमचा. फ्रीजरमधला असेल तर आधी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात वितळू दे, मग झिपलॉकमध्ये घालून गरम पाण्यात, मायक्रोवेव्ह नको (फुटतो, आणि मग आई तुला घराबाहेर काढेल). डोक्याकडून ३७-३८ लागला पाहिजे, त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, भक्ष्य थंड असलं तर त्याच्या लेखी ते भक्ष्यच नाही. संध्याकाळी, लाइट बारीक करून, चिमट्याने. नाही घेतला तर अर्ध्या तासाने काढून टाक आणि आठवडाभर विषय बंद. खाल्लं तर दोन दिवस हात लावायचा नाही, कितीही गोड दिसलं तरी.

वजन १०० च्या खाली जायला लागलं तर मात्र डॉक्टर.

घोडबंदरचा_गारठा

खाल्लं!!! साडेआठला, दुसऱ्या झटक्यात. आई किचनचं दार लावून बसली होती पण फटीतून बघत होती. ताई, काका, खारघरवाले दादा, खरंच थँक्यू.

एकच, मोठं झाल्यावर ४ बाय २ फुटांची प्लायची पेटी करून घ्यायचीये, सुतार आमच्या ओळखीचा आहे. हवेची भोकं कुठे पाडायला सांगू?

खारघर_डोंगराखाली

थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर, समोरासमोर, म्हणजे हवा फिरते. छतावर नको, सगळी ऊब तिथूनच जाईल. आणि सुतार आत सनमायका लावून सांधे सिलिकॉनने भरेल ना हे बघ, मग पेटी पंधरा दिवस उघडी ठेव, वास जाईपर्यंत.